‘विल’, ‘गोइंग टू’ की नुसतं ‘आय ॲम गोइंग’? इंग्रजीत भविष्यकाळ बोलताना निवडायचं कसं?

तुम्ही विचारलंय की पुस्तकात भविष्यकाळाची तीन-चार रूपं दिलेली असतात, सगळीच बरोबर म्हणतात, मग ऐन बोलताना कुठलं उचलायचं? मी संध्याकाळी घरीच इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो. हा प्रश्न दर बॅचला येतोच. माझं उत्तर जरा उलटीकडून आहे: कोष्टक पाठ करण्याआधी आपण मराठीत काय बोलतो ते ऐका.

आभाळ काळंकुट्ट झालंय, वारा सुटलाय. दोरीवरचे कपडे ओढता ओढता आई ओरडते, “अरे, पाऊस येणार!” ती ‘येईल’ म्हणत नाही. तीच आई सकाळी लख्ख उन्हात चहा पिताना म्हणते, “संध्याकाळी येईल बहुतेक पाऊस.” डोळ्यांना लक्षण दिसतंय तिथे ‘णार’, नुसता अंदाज तिथे ‘ईल’. इंग्रजीत नेमकी हीच वाटणी आहे. पहिलं “इट इज गोइंग टू रेन”, दुसरं “आय थिंक इट विल रेन”. ओट्याच्या कडेला आलेला ग्लास बघून आपण “पडणार तो!” म्हणतो, तिथेही ‘गोइंग टू’च.

बेतांचंही तसंच. “यंदा मी गाडी शिकणार आहे” म्हणजे मनात पक्कं केलंय, क्लास अजून लावलेला नाही: “आय ॲम गोइंग टू लर्न”. “मी उद्या नाशिकला जातोय” म्हणजे तिकीट काढलंय, मावशीला कळवलंय: “आय ॲम गोइंग टू नाशिक टुमॉरो”. (हा ‘गोइंग टू’ खराखुरा जाण्याचा, पुढे गाव आहे, क्रियापद नाही. यात निम्मा वर्ग अडकतो.) आणि वेळापत्रकाला साधा वर्तमान, दोन्ही भाषांत: डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला ‘सुटते’, “लीव्ज”.

इथवर कानावर विसंबा. पुढे मात्र तो दगा देतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी परदेशातल्या ग्राहकाशी फोनवर बोलत होतो. त्याने एक फाइल मागितली. मी तत्परतेने म्हणालो, “ओके, आय सेंड इट.” पलीकडे क्षणभर शांतता. मग त्याने अदबीने विचारलं, की म्हणजे तुम्ही ती पाठवत असता, की आधीच पाठवली आहे? माझ्या डोक्यात सरळ मराठी होतं: “बरं, पाठवतो.” आपण त्या क्षणी काही कबूल करतो तेव्हा ‘पाठवतो’, ‘उघडतो’, ‘बघतो’ असा वर्तमानकाळच वापरतो. इंग्रजीत साधा वर्तमान म्हणजे रोजची सवय. तिथे हवं होतं “आय विल सेंड इट”, बोलताना “आय’ल”. बेल वाजली, “थांब, मी बघतो”: “आय’ल गेट इट”. हॉटेलात वेटर समोर उभा, “मी चहा घेतो”: “आय’ल हॅव टी”. आत्ता, बोलता बोलता ठरलं की ‘विल’. आधीच ठरलेलं असेल तर ‘गोइंग टू’. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ एवढंच आहे, कारण शाळेत ‘विल म्हणजे ईल’ हे एकच समीकरण डोक्यात बसवलं जातं आणि ‘पाठवतो’ला कुणी विचारतच नाही.

‘आलोच’ तर त्याहून पुढचं. जागचे हललेलोही नसतो आणि भूतकाळ वापरून मोकळे होतो! इंग्रजीत “आय केम” नाही, “आय ॲम कमिंग”.

‘शॅल’चं थोडक्यात. ‘आय’ आणि ‘वी’पुढे शॅल, बाकीच्यांना विल, हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. अनंतासाठी आडव्या आठासारखं चिन्ह वापरात आणणारा तोच हा. आज बोलताना ‘आय विल’ म्हणा, बिनधास्त. शॅल जिवंत आहे तो मुख्यतः “उघडू का?”, “निघूया का?” अशा प्रश्नांत: “शॅल आय ओपन इट?”, “शॅल वी गो?”

शेवटची चूक मुलाखतीतही हमखास ऐकू येते: “व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.” “तो येईल तेव्हा सांगेन” हे शब्दाला शब्द ठेवून उतरवलेलं असतं. तेच वाक्य मनात “तो आला की सांगेन” असं फिरवून घ्या. ‘आला की’, ‘आला तर’ या तुकड्यात मराठीतही भविष्यकाळ उरत नाही, आणि इंग्रजीतही तिथे ‘विल’ येत नाही, साधा वर्तमान येतो: “व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.” पाऊस आला तर घरीच थांबेन: “इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.” आठवडाभर तुमची स्वतःची ‘की’ आणि ‘तर’ची दहा-बारा वाक्यं अशी उलटवून बघा. अडलं तर इथेच खाली लिहा, बघतो. म्हणजे, “आय’ल हॅव अ लुक”.