मर्सोच्या शार्डोने द्राक्षाच्या वाइनला लोण्याचा वास येतो. तिच्यात लोणी घालतात का?

नाही, लोणी अजिबात घालत नाहीत. तो वास डायअ‍ॅसिटिल या रसायनाचा, आणि लोण्याच्या वासातही तेच असतं. फ्रान्सच्या बर्गंडीतलं मर्सो थंड, त्यामुळे द्राक्षात मॅलिक आम्ल (कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा) भरपूर उरतं. रस 228 लिटरच्या ओक पिंपातच आंबवतात. मग जिवाणू त्या आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे आपल्या दह्यातलंच, आणि त्या ओघात डायअ‍ॅसिटिल तयार होतं. तळाचा यीस्टचा गाळ काठीने ढवळला की वाइन तोंडाला दाट लागते. व्हॅनिलाची झाक मात्र लाकडाची. पण शार्डोने म्हणजे लोणी असं धरू नका: बर्गंडीच्याच उत्तरेकडच्या शाब्लीत हेच द्राक्ष बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीत आंबवतात, आणि तिथली वाइन लिंबासारखी चरचरीत लागते.