कोळसा सोडून आपण लिथियमच्या दावणीला बांधले जातोय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सौरपंप, ई-स्कूटर, पवनचक्क्या हे सगळं चीनच्या हातातल्या खनिजांवर उभं असेल, तर तेल-कोळशाची ताबेदारी सोडून दुसरी पत्करण्यात अर्थ काय? आणि खान्देशासारख्या भागाच्या पदरात त्यातून पडणार काय?

मी धुळे जिल्ह्यात मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं काम करतो, अलीकडे सौरपंपांची दुरुस्तीही करतो. ही खनिजं रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितोय.

परावलंबन आहे, हे खरंच. पण ते वेगळ्या जातीचं आहे. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात आज कोळशाच्या वाघिणी रिकाम्या झाल्या, तरी उद्या पुन्हा तितक्याच लागतात. डिझेलचं तेच. सोलरची प्लेट एकदा शेतात उभी राहिली की वीस-पंचवीस वर्षं वीज देते आणि तिच्यातलं ॲल्युमिनियम, तांबं, चांदी इथेच राहते. बाहेरून प्लेटा यायच्या बंद झाल्या तर नव्या बसणार नाहीत, पण बसलेल्यांवर पाणी चालूच राहील. तेल बंद झालं तर साठा संपला की ट्रॅक्टर जागेवर उभे राहतील.

आता अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. लोकांना वाटतं, आपल्याकडे खाणी नाहीत म्हणून आपण अडलो. खाणी तशा चीनकडेही सगळ्या नाहीत. लिथियम सर्वात जास्त ऑस्ट्रेलियात निघतं, चिलीतही बरंच, कोबाल्ट सुमारे ७० टक्के काँगोत, निकेल निम्म्याहून जास्त इंडोनेशियात. चीनने हात मारला तो शुद्धीकरणात. सोलर प्लेट बनण्याच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे, आणि ई-गाड्यांच्या मोटारींत लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या (रेअर अर्थ) ताकदवान चुंबकांमध्ये तर ९० च्या आसपास. एप्रिल २०२५ मध्ये त्याने यातल्या सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्या वाहन कंपन्यांची पंचाईत झाली.

रियासीचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूत ५९ लाख टन लिथियम सापडल्याच्या बातम्या झळकल्या. तो अंदाज लिथियम असलेल्या खनिजाचा होता, शुद्ध लिथियमचा नव्हे, आणि तोही प्राथमिक पाहणीचा. लिलाव काढला तर बोली लावायला पुरेसं कुणी आलं नाही. मातीतून धातू काढायची विद्या आणि कारखाना नसेल तर साठ्याचा उपयोग काय? केंद्राने २०२३ मध्ये ३० खनिजं अत्यावश्यक ठरवली, खाणकायदा बदलला, जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. ‘काबिल’ या सरकारी कंपनीने अर्जेंटिनात लिथियमचे पाच पट्टे घेतले. पावलं बरोबर दिशेला आहेत. माझं मन मात्र दुसऱ्या टोकाला अडकतं, वापरून झालेल्या मालाकडे.

मोटार जळून दुकानात आली की आम्ही जुनी वाइंडिंग कापून काढतो. काळी पडलेली, वार्निश चिकटलेली ती तार पोत्यात साठते आणि किलोच्या भावाने जाते. वितळून, ओढून पुन्हा नवी तार होते. तांब्याचा तुकडासुद्धा कुणी फेकत नाही, कारण त्याला भाव आहे. इतका, की विहिरीवरच्या केबलीसुद्धा चोर रातोरात कापून नेतात, हे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा मोठा तांबे कारखाना बंद पडला तेव्हापासून देशाला शुद्ध तांबं बाहेरून जास्त आणावं लागतं. वीज वाढवायची म्हणजे तांबं लागणारच.

आणि प्लेट? गारपीट झाली, काच तडकली. भंगारवाला येतो, ॲल्युमिनियमची चौकट ठोकून काढतो, मागची केबल ओढून घेतो आणि उरलेला पत्रा बांधावर टाकून जातो. त्या पत्र्यात वजनाने बहुतांश काच असते, पण तिच्याखाली प्लास्टिकच्या थरात चिकटलेलं सिलिकॉन आणि त्यावरच्या केसासारख्या रेघांमधली चांदीही असते. ती वेगळी करायला यंत्र लागतं, हातोडीने होत नाही. ‘आते या प्लेटास्नं काय करू, भाऊ?’ असं शेतकरी विचारतो तेव्हा मी तरी त्याला कोणत्या गावाचा पत्ता सांगू? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटा आल्या आहेत, पण त्यांचा कचरा २०३४-३५ पर्यंत कंपन्यांनी साठवून ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर झाली. तो पैसा तालुक्याच्या ठिकाणी माल गोळा करण्यापर्यंत पोचला पाहिजे. गोळाच झाला नाही तर कारखाना काय वितळवणार?

पवनचक्क्यांबद्दल एक गैरसमज तुमच्या प्रश्नातही आहे. साऱ्या पंख्यांना दुर्मीळ चुंबकं लागत नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरचे जुने पंखे गिअरबॉक्स आणि साध्या इंडक्शन जनरेटरवर चालतात. त्यात तांबं आणि लोखंड. बॅटरीचंही तसंच: लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. कोणतं तंत्र निवडायचं, इथेही धोरण असतं.

खान्देशाला काय मिळालं? आजवर आम्ही मुख्यतः जमीन दिली. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. विखरणचे धर्मा पाटील जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्यायले आणि गेले, तेही वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यापायी. वीज हरित असली म्हणून जमिनीचा भाव पाडून मागायचा हक्क कुणाला मिळत नाही. जमीन भाड्याने घ्या, दरवर्षी भाडं वाढवा, दुरुस्तीची आणि भंगाराची कामं इथल्याच पोरांना द्या. धुळे-जळगावच्या आयटीआयमधून वायरमन बाहेर पडतातच, त्यांना सौरपंप चालवणारा कंट्रोलर उघडायला शिकवा.

तुम्ही स्वतः पंप घेणार असाल तर एवढं बघा. सरकारी सौरपंप योजनेत एसी आणि डीसी दोन्ही मोटारी मिळतात. एसी जळाली तर तालुक्यात कुणीही भरून देतो. डीसीच्या रोटरमध्ये बहुतेक वेळा चुंबक असतं, ती उन्हात थोडं जास्त पाणी काढते, पण बिघडली की सुटा भाग कंपनीकडूनच मागवावा लागतो. पाण्याची पाळी चुकली तर केळी थांबत नाही, म्हणून केळीवाल्याला मी एसीच सांगतो. आणि पाच वर्षांच्या देखभालीचा कागद सांभाळून ठेवा, प्लेट फुटली तर भंगारवाल्याआधी तक्रार नोंदवा.