वाचकांचे प्रश्न : कूलर, स्लॅब आणि मृगाची वाट

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी उन्हाळ्याचे तेवढे एकत्र घेतले आहेत. खानदेशची एप्रिल-मेची हवा तापलेली असली तरी कोरडी असते. इथले बरेचसे उपाय त्या कोरडेपणावरच चालतात. मुंबईच्या पाहुण्यांचे सल्ले म्हणूनच इथे कामाला येत नाहीत.

प्रश्न : उन्हाळा मला अजिबात सोसत नाही, दिवस मोजत बसते. यंदा मोठा कूलर घेतला. पहिले आठ दिवस बरा चालला, आता दुपारी तीनला गार तर होत नाहीच, वर अंग चिकचिक करतं. दुकानदार म्हणतो टाकीत बर्फ टाका. टाकू का? (भुसावळ)

नका टाकू. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता जेमतेम दीडशे मिलिलिटर पाणी वाफ होताना ओढून घेतं. कूलर गारवा देतो तो पाणी उडवून, पाण्याच्या थंडपणाने नाही. साध्या खोलीचा कूलर भर दुपारी तासाला सहा-सात लिटर पाणी सहज उडवतो. त्यापुढे दोन किलो बर्फ म्हणजे दोन-अडीच मिनिटांचं काम.

अंग चिकट होतं याचा अर्थ ओली हवा खोलीतच अडकली आहे. कूलरने बाहेरची कोरडी हवा आत ढकलायची आणि खोलीतली ओली हवा समोरून बाहेर निघायची, असा हा व्यवहार आहे. कूलर खोलीच्या आत, कोपऱ्यात ठेवून दारं-खिडक्या लावल्या तर तो तीच हवा पुन्हापुन्हा ओली करतो, आणि तासाभरात त्याची ताकद संपते. त्याची पाठ खिडकीबाहेर काढा, जमलं तर सावलीच्या बाजूला. समोरच्या भिंतीची खिडकी वीतभर उघडी ठेवा. बरोबर झालं की नाही ते पडद्यावरून कळतं : उघड्या खिडकीचा पडदा बाहेरच्या बाजूला फुगला पाहिजे. फुगतच नसेल तर वाट अपुरी आहे, फट वाढवा. उलट आत येत असेल तर त्या खिडकीतून लू घरात शिरतेय, ती बंद करून दुसरी उघडा.

आठ दिवसांनी जोर कमी झाला, तर पॅड तपासा. कूलर बंद करून प्लग काढा, जाळी उतरवा, मग वायर पाण्यापासून दूर ठेवून, प्लग पुन्हा लावून फक्त पंप चालू करून पॅडवरून पाणी कसं उतरतं ते पाहा. गवताचं पॅड भिजून खाली बसतं आणि वरच्या बाजूला चार बोटांची मोकळी जागा राहते. हवा सोपी वाट धरते, म्हणजे त्या फटीतून कोरडीच आत येते. गवत सोडवून पुन्हा सारखं पसरा, कमी पडलं तर भर घाला, सुतळीने जाळीला ठिकठिकाणी बांधा. हनीकोंबचं (पोळ्यासारख्या खणांचं, जाड कागदाचं) पॅड बसत नाही, पण त्यावर कोरडे पट्टे दिसले तर वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजली आहेत. ती दाभणाने मोकळी करा. पंपाच्या तळाची गाळणी गवताच्या काड्यांनी भरते, तीही बघा. सगळं पॅड एकसारखं ओलं आणि पाणी धारेने खाली येतंय, इथपर्यंत आल्याशिवाय मोटारीला दोष देऊ नका. पंखाच सावकाश फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. जुन्यावर छापलेल्याच मापाचा बसवून घ्या, मोठा बसवला तर मोटार तापते.

क्षाराचा त्रास आपल्याकडे मोठा, कारण बोअरचं पाणी जड. पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतो, आणि तुम्ही वरून पुन्हा भर घालता. आठवड्यात टाकीतलं पाणी चवीला खारट झालेलं असतं. रोज भर घालण्याबरोबर दर दोन-तीन दिवसांनी उरलेलं सगळं पाणी सोडून द्या. पाणीटंचाईत हे जिवावर येतं हे खरं, पण ते पाणी अंगण, मोरी, संडासाला वापरता येतं. कुंड्यांना मात्र रोज घालू नका. पांढरा थर धरलाच असेल तर पाच लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून हनीकोंब पॅड तासभर बुडवून ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. ब्रशने घासू नका, कागद फाटतो. पत्र्याच्या टाकीत हे पाणी साठवून ठेवू नका, जस्ताचा मुलामा खाल्ला जातो.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळाच. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेला लागून टाकीच्या भिंतीवर चिकटतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, घासावी लागतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचा हिशेब.

न विचारलेली एक गोष्ट, पण सगळ्यांत महत्त्वाची : पत्र्याच्या कूलरचा प्लग तीन पिनांचाच हवा, घराचं अर्थिंग जिवंत हवं आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचं गळती-संरक्षक बटण हवं. बाजारात ते आरसीसीबी म्हणून मिळतं, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरमध्ये पाइप धरणं, दर उन्हाळ्यात माणसं याच एका कारणाने जातात.

प्रश्न : वरचा मजला आमचा. रात्री अकरापर्यंत स्लॅब खाली आग ओकतो. चुना मारावा की भिंतींना चांगला रंग द्यावा? (जळगाव)

आधी स्लॅब. मेमध्ये सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, जळगावला 25 मेच्या आसपास भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरकं आणि थोडा वेळ पडतं, गच्चीवर मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. काँक्रीट ते साठवून ठेवतं आणि दुपारची उष्णता तुम्हाला संध्याकाळी परत करतं.

काळवंडलेला जुना स्लॅब पडलेल्या उन्हापैकी फार तर चौथा हिस्सा परतवतो. ताजा चुना 70 टक्क्यांच्या वर परतवतो. खोलीत फरक 2 ते 4 अंशांचा पडतो. आकडा लहान वाटेल, पण रात्री झोप लागणं न लागणं त्यातच असतं.

गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन घ्या. विरवलेला चुना एक भाग, पाणी दीड ते दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्याने गाळा. चुन्याच्या दर पाच किलोमागे अर्धा किलो फेविकॉल वेगळ्या पाण्यात पातळ करून त्यात मिसळा. काम पहाटे किंवा सूर्य कलल्यावर करा आणि आधी स्लॅबवर पाणी मारा. तापल्या कोरड्या स्लॅबवर चुना मिनिटात वाळतो, त्याला धरायला सवड मिळत नाही आणि आठ दिवसांत भुकटी होऊन उडतो. बहुतेकांचा चुना इथेच वाया जातो. पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. दुसऱ्या दिवशी तळहात घासून पाहा : हात पांढराफटक झाला तर फेविकॉल कमी पडला. डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे घाला, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

वावटळीची काळी धूळ बसली की पांढरेपणा मरतो, म्हणून मेच्या मध्यात एकदा गच्ची धुवा. पावसाचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या दोन-तीन पावसांपर्यंत तो पाइप वेगळा काढा.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं तर सूर्य मावळल्यावर, पातळ शिंपडा. साचवून ठेवू नका, जुन्या स्लॅबमध्ये भेगांतून ते सळईपर्यंत जातं.

प्रश्न : आमचं पत्र्याचं घर. त्यालाही चुना चालेल का? जुन्या धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरात मात्र दुपारी बरं वाटतं, ते कशामुळे? (अमळनेर तालुका)

पत्र्यावर चुना टिकत नाही, पोपडे धरतो. पत्र्यासाठी बाहेरचा पांढरा ॲक्रिलिक रंग घ्या. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण अंगात शिरलेली उष्णता सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे हात लावला तर चटका बसतोच. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. रंगाचा खर्च नको असेल तर पत्र्यापासून दीड-दोन फूट वर बांबूचा सांगाडा करून त्यावर तुराट्या किंवा हिरवी शेडनेट टाका. मधली जागा मोकळी हवी. थेट पत्र्यावर पाचट अंथरलं तर गारवा मिळेल, पण उंदीर, विंचू आणि ठिणगीची भीती सोबत येईल. कपाशीच्या पळाट्यांचं तर नावच नको, त्या भसकन पेटतात.

धाब्यावर लाकडाच्या पाटांवर मातीचा जाड थर असतो आणि भिंतीही हात-दीड हात जाड. दुपारचं ऊन आत पोहोचेस्तोवर रात्र होते, तोवर दारं उघडता येतात. धाबं पाडून पत्रे टाकायचा विचार असेल तर, पावसाळ्याआधी खारी (पाणी न झिरपू देणारी पांढरी माती) टाकण्याची मेहनत धरूनही, आमचं मत धाबं राखण्याकडे आहे.

प्रश्न : मोबाइल 43 सांगतो, चौकातला फलक 47, पेपरात 44.6. खरं कोणतं? (रावेर)

पेपरातलं, तो आकडा हवामान खात्याच्या केंद्राचा असेल तर. तिथला तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असतो. चौकातला फलक डांबर, पत्रा आणि स्वतःचीही उष्णता मोजतो. मोबाइल बहुतेकदा गणिताने काढलेला अंदाज दाखवतो. मैदानी भागात कमाल तापमान 45 अंशांना पोहोचलं की उष्णतेची लाट आणि 47 ला तीव्र लाट मानतात, म्हणून हा दोन अंशांचा फरक नुसता गप्पांचा विषय नाही.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर आणली, पाणी गारच होत नाही. (पारोळा)

आतून-बाहेरून रंग किंवा तेलाचा हात मारलेला असेल तर होणारही नाही, छिद्रं बुजलेली असतात. साधी असेल तर एक दिवस पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन-तीन पाणी फेकून द्या. ठेवायची जागा वाऱ्याची आणि सावलीची, बंद स्वयंपाकघराचा कोपरा नव्हे. बाहेरून ओलसर दिसली की ती काम करतेय. साबण लावू नका, छिद्रांत बसतो. काथ्याने घासा. दुसऱ्या उन्हाळ्यात जुनी घागर मंद होते ती जड पाण्याच्या क्षाराने. पाणी त्यात प्या, पण गारव्यासाठी नवीच आणा.

प्रश्न : लाइट दुपारची असल्याने सासरे भर उन्हात केळीला पाणी द्यायला जातात. खिशात कांदा ठेवतात, म्हणतात ऊन लागत नाही. आम्ही काय करावं? (चोपडा तालुका)

कांदा भाकरीसोबत खाऊ द्या, खिशात त्याचा उपयोग नाही. डोक्याला ओला रुमाल मात्र खरंच काम करतो, कोरड्या हवेत तो मिनिटामिनिटाला उष्णता नेतो. दर अर्ध्या तासाने पुन्हा भिजवायचा. तहान लागायची वाट न पाहता दर 20 मिनिटांनी पेलाभर पाणी. तीन-चार तास घाम निघणार असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल किंवा साखरेचा आजार असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

एकटं पाठवू नका. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजायचा, घाम येत असला तरी. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका : सावलीत निजवा, कपडे सैल करा, बोअर चालू असेल तर सरळ पाण्याने भिजवा आणि टॉवेलने वारा घाला. काखेत, मानेला, जांघेत गार फडकी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, हा आजारातला ताप नाही.

प्रश्न : मृग लागला की सुटका, असं म्हणतो आपण. पण जूनमध्ये 37 असूनही मेपेक्षा जास्त जीव घाबरतो आणि कूलरही चालत नाही. (शहादा)

मेमध्ये 44 अंशांना हवेत ओलावा 15 टक्के असेल तर चांगला कूलर 28-29 अंशांची हवा देतो. जूनमध्ये 36 अंश आणि ओलावा 60 टक्के झाला की तोच कूलर 31 च्या खाली जाऊ शकत नाही, आणि ती हवाही जवळजवळ पूर्ण ओली असते. घामाचंही तेच, तो निघतो पण वाळत नाही. मृग 7-8 जूनला लागतो, पाऊस इकडे स्थिरावायला जूनचा मध्य उजाडतो, मधले आठ-पंधरा दिवस सगळ्यांत वाईट.

तेव्हा पद्धत उलटी करायची. कूलरचा पंप बंद, फक्त पंखा. सगळ्या खिडक्या उघड्या, वारा अंगावरून जायला हवा. मेमध्ये सकाळी आठला घर बंद करून रात्री आठनंतर उघडायचं असतं, ते आता सोडून द्या. आणि पंख्याबद्दल : हवा 40 च्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा शरीर तापवतो, म्हणून मेमध्ये ओलं कापड लागतंच. जूनमध्ये तोच पंखा सगळ्यांत स्वस्त औषध.

तुम्ही शहाद्याचे, म्हणून आणखी एक. चार दिवस काढता येत असतील तर मेच्या शेवटी तोरणमाळ गाठा. ते सुमारे 1150 मीटर उंचीवर आहे, तुमच्यापेक्षा हजारेक मीटर वर, म्हणजे हवा साधारण 6 ते 9 अंशांनी उतरते. दुपारी ऊन तिथेही लागतं, पण रात्री पांघरूण ओढावं लागतं. सीताखाईचा धबधबा मात्र त्या दिवसांत कोरडा असतो. घाटात गाडी तापते, निघण्याआधी रेडिएटरचं पाणी तपासा आणि एसी बंद ठेवून चढा.