कादंबरी वाचून 'स्वतःचा प्रतिसाद' लिहायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं?

तुम्ही लिहिलंय की किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्या तुम्ही आवडीने वाचता, पण शिक्षकांनी 'तुझा प्रतिसाद लिही' म्हटलं की कथानक आणि 'मला आवडली' यापुढे पेन हलत नाही. मीही विद्यार्थिनीच आहे. वाचनवही ठेवायला लागून मला चार वर्षं झाली आणि त्यातली पहिल्या वर्षाची पानं निव्वळ कथानकाने भरलेली आहेत.

फरक पडला तो लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या 'स्पीक'मुळे (१९९९). त्यातली मेलिंडा नववीत नव्या शाळेत येते तेव्हा जुन्या मैत्रिणीसुद्धा तिला टाळतात, कारण सुट्टीतल्या एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केलेला असतो. का केला, ते ती कुणालाच सांगत नाही. हळूहळू ती बोलणंच कमी करते. मी तिच्यावर चिडले. वहीत लिहिलं, 'ही बोलत का नाही? दोन वाक्यांत सगळं मिटेल.' पुढे कळतं की त्या पार्टीत तिच्यावर बलात्कार झाला होता आणि तो करणारा मुलगा त्याच शाळेत आहे. ते वाचल्यावर माझंच वाक्य मला वाचवेना. खोडायला निघाले होते, पण थांबले. तिच्या शाळेतली मुलं तिला जसं बघत होती, तसंच मीही बघत होते. लेखिकेने मलाही त्यांच्याच घोळक्यात उभं केलं होतं! त्या वाक्याखाली मी दीड पान लिहिलं. माझा पहिला खरा प्रतिसाद तो.

तेव्हापासून मी वाचता वाचताच लिहिते, पान क्रमांक टाकून, एकेक ओळ. कुठे राग आला, कुठे कंटाळा आला, कुठलं वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं. पुस्तक संपल्यावर लिहायला बसलं की शेवट माहीत असतो आणि आपण आधीपासूनच शहाणे असल्यासारखं लिहितो. तुम्हालाही हेच सुचवेन. पहिली नोंद अन्यायाची वाटली तरी पुसू नका, तिच्याखाली लिहा. मत कुठल्या पानावर बदललं आणि कशामुळे बदललं, हे सांगता आलं की प्रतिसाद जवळजवळ लिहून झालेला असतो.

लॉइस लाउरी यांच्या 'द गिव्हर'बद्दल (१९९३) मला हे आणखी ठळकपणे जाणवलं. त्या समाजात भांडण नाही, भूक नाही, बारा वर्षांच्या मुलांना पुढे कोणतं काम करायचं ते ठरवून दिलं जातं. पुढे काय शिकायचं या काळजीत मी होते, त्यामुळे माझी पहिली नोंद अशी होती: 'किती बरं! निवडायची कटकटच नाही.' मग कथेचा नायक जोनास आपल्या वडिलांना जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला इंजेक्शन देताना बघतो आणि इतके दिवस सगळे ज्याला 'मुक्त करणं' म्हणत होते ते म्हणजे मारणं, हे त्याला समजतं. वडील ते अगदी लाडाच्या आवाजात करतात. त्या पानानंतर मी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. मी पहिल्या नोंदीकडे परत गेले तेव्हा कळलं, की त्या सोयीची किंमत न विचारताच मी ती मान्य करून बसले होते. पुस्तकाचा शेवट लेखिकेने मोकळा ठेवलाय. जोनास जिवंत राहतो असं मला ठामपणे वाटतं, माझ्या मैत्रिणीला तितक्याच ठामपणे उलट वाटतं, आणि दोघींनाही आपापल्या बाजूने पुस्तकातलीच वाक्यं दाखवता येतात.

'पुस्तकातलीच वाक्यं' हे महत्त्वाचं. वैयक्तिक प्रतिसाद म्हणजे 'माझ्याही बाबतीत असंच झालं' म्हणून आपलीच गोष्ट सांगत सुटणं नव्हे. मी ते खूप केलंय. आपली आठवण दोन ओळींत लिहावी आणि ज्या प्रसंगाने ती जागी झाली त्या प्रसंगाकडे परत यावं. आणि जे कुणाला दाखवायचं नाही ते वेगळ्या वहीत लिहा. शिक्षकांना सगळं सांगायलाच हवं असं काही नाही, विशेषतः 'स्पीक'सारख्या पुस्तकाबद्दल.

लुईस रोझेनब्लॅट या साहित्याच्या अभ्यासक बाईंनी १९७८ साली वाचनाच्या दोन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या. मुलाने विष गिळलंय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचतेय, हे रोझेनब्लॅट यांचं उदाहरण. तिथे वाचून हाती काय लागतं तेवढंच मोलाचं. कथा-कविता वाचताना मात्र वाचत असतानाच आपल्या आत जे घडतं, ते मोलाचं. कथानक लिहून काढताना आपण कादंबरीही लेबलासारखी वाचत असतो. मार्कस झुसाक यांच्या 'द बुक थीफ'मध्ये (२००५) तर निवेदक, म्हणजे साक्षात मृत्यू, नायिकेचा मित्र रूडी मरणार हे बरंच आधी सांगून टाकतो. माहिती मिळालेली होती, तरी ते पान आल्यावर मी रडलेच.

सुरुवातीला वाचायला एखादं सुचवायचं तर एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' (१९६७) घ्या. ती लिहायला घेतली तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या, छापून आली तेव्हा १८ च्या. कथा सांगणारा पोनीबॉय १४ वर्षांचा आहे. इंग्रजीच्या तासाला नापास होऊ नये म्हणून त्याला एक निबंध लिहून द्यायचा असतो आणि काय लिहावं ते त्याला सुचत नसतं. शेवटच्या पानावर तो लिहायला बसतो, आणि त्याने लिहिलेलं पहिलं वाक्य तेच असतं ज्याने कादंबरी सुरू झाली होती. मी तिथून लगेच उलटून पहिलं पान काढलं आणि पुन्हा वाचायला लागले.