ब्यॉन यंग-जू यांच्यावर टिपण लिहिणाऱ्यांसाठी, माझ्या चुकीसह

फिल्म सोसायटीच्या टिपणासाठी 'कोरियन दिग्दर्शिका ब्यॉन यंग-जू माहितीपट सोडून कथापटांकडे का वळल्या' याचे उत्तर सापडत नाही, असे आपण लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी मीही याच प्रश्नावर अडून बसलो होतो. चित्रपटांची यादी आपल्यापाशी असेलच, म्हणून ती देत नाही.

माझे घोडे नावांत अडले. त्यांच्या माहितीपट-त्रयीतील पहिल्या दोन भागांचे कोरियन नाव एकच आहे, अर्थाने 'हलका आवाज', आणि तिसऱ्याचे 'श्वास'. इंग्रजीत मात्र तिघांना तीन निराळी नावे आहेत. मी एका कार्यालयाकडून इंग्रजी नाव लिहून पहिला भाग मागवला. त्या कार्यालयाने (नाव घेत नाही) तीन महिने पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरवले आणि अखेर दुसरा भाग हाती ठेवला. तेवढ्यावरच मी टिपण लिहिले आणि एका वृद्धेच्या मृत्यूवरचा भावुक चित्रपट म्हणून तो निकालात काढला. आजही ते वाचताना लाज वाटते.

कारण पहिला भाग पाहिल्याशिवाय दुसरा कळतच नाही. जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या, आता वृद्ध झालेल्या स्त्रिया जिथे एकत्र राहत, त्या घरात ब्यॉन दीर्घकाळ जात राहिल्या. पैसा उभा करण्यासाठी लोकांना शंभर फूट फिल्मचा खर्च उचलण्याचे आवाहन केले गेले. १६ मिमीच्या शंभर फुटांत जेमतेम पावणेतीन मिनिटे चित्रित होतात, हे लक्षात घेतले की प्रत्येक शांत दृश्याची किंमत समजते. १९९५ मध्ये हा पहिला भाग चित्रपटगृहात लागला. कोरियन माहितीपटाच्या वाट्याला हे तोवर आले नव्हते. दुसऱ्या भागात (१९९७) कर्करोगाने आजारी असलेल्या कांग दक-ग्यंग आजी स्वतःच आपले चित्रीकरण व्हावे म्हणतात आणि तिसऱ्यात (१९९९) याच भोगातून गेलेली एक स्त्री इतरजणींना प्रश्न विचारते. प्रश्न विचारण्याचा हक्क असा हळूहळू दिग्दर्शिकेच्या हातून त्यांच्या हाती गेला.

म्हणून 'वळल्या' हा शब्दच मला मान्य नाही. त्रयीचे बीज तिच्याआधीच्या, १९९३ च्या, आशियातील देहविक्रयावरील माहितीपटात आहे: तिथे त्यांना भेटलेली एक स्त्री आईच्या उपचारखर्चापायी या व्यवसायात आली होती आणि ती आई युद्धकाळातील पीडितांपैकी होती. जपानी लेखिका मियाबे मियुकी यांच्या कादंबरीवरील २०१२ च्या रहस्यपटातही कर्जात बुडालेली स्त्री दुसरीची ओळख चोरते. पैशाने कोंडी केलेली बाई दोन्हीकडे आहे. अर्थात मला कोरियन येत नाही. हे माझे वाचन आहे, जाणकारांनी खोडून काढावे. २००४ च्या कथापटानंतर आठ वर्षांत त्यांचा एकही कथापट आला नाही, त्यावर मात्र तर्क लढवू नका. मी लढवले होते आणि तेही फसले.

प्रत मागवताना साल आणि भागाचा क्रमांक न विसरता लिहा, आणि अर्ज कार्यालयात देणार असाल तर पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.