मिलानहून एका दिवसात पाहून येण्यासारखं छोटं शहर कोणतं?

माझं उत्तर ठाम आहे: क्रेमोना. मिलानपासून साधारण ८५ किलोमीटरवर, पो नदीच्या काठी.

रोमनांनी इ.स.पू. २१८ मध्ये ही वसाहत उभारली आणि इ.स. ६९ च्या यादवीत रोमन सैन्यानेच ती जाळून टाकली. आज दिसतं ते मुख्यतः मध्ययुगीन लाल विटांचं शहर. मुख्य चौकात कॅथेड्रलला लागून सुमारे ११२ मीटर उंच तोराझो मनोरा आहे. पाचशेवर पायऱ्या आहेत, पण चढाच. वरून नदीचं सपाट खोरं दूरवर दिसतं.

पण क्रेमोनाचा खरा जीव व्हायोलिनमध्ये आहे. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीने इथे व्हायोलिनला आजचा आकार दिला. पुढे व्हायोलिन घडवणारं ग्वार्नेरी घराणं आणि कारागीर आंतोनियो स्त्रादिवारी इथलेच. आजही शंभराहून जास्त कारागीर सत्तरएक लाकडी तुकडे हाताने जोडून एकेक वाद्य घडवतात. २०१२ साली युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. व्हायोलिन संग्रहालयात स्त्रादिवारीचं १७१५ चं वाद्य काचेआड आहे. तिथल्या सभागृहात जुन्या वाद्यांचं वादन असेल तर तिकीट आधी काढा, नुसतं पाहून समाधान होत नाही. २०१९ च्या सुरुवातीला या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी आसपासचे रस्ते बंद ठेवून लोकांना शांत राहायला सांगितलं होतं!

येताना तोरोने घ्या, ही मध-बदामाची चिक्कीसारखी मिठाई. मोस्तार्दाही चाखा: पाकातली फळं, पण मोहरीचा नाकात जाणारा झणका.