पुण्याची रमणबाग शाळा (न्यू इंग्लिश स्कूल) एवढी नावाजलेली का आहे? मुलाला तिथे घालावं का?

इमारतीमुळे नाही आणि बोर्डात आलेल्या मुलांमुळे तर अजिबातच नाही. 1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ही शाळा काढली तेव्हा ते तिशीचेही नव्हते, सरकारी हायस्कुलातली नोकरी सोडून आले होते, सोबत 23 वर्षांचे टिळक आणि नामजोशी. संस्कृत-इंग्रजी कोशवाले वामन शिवराम आपटे आले, मग एम.ए. होऊन आगरकर आले. सरकारी खात्यात चांगला पगार मिळाला असता अशी ही माणसं पोटापुरतं घेऊन पोरांना शिकवत होती. खासगी शाळा म्हणजे भरमसाट फी हे आत्ताचं, तेव्हा खासगी म्हणजे सरकारची नाही आणि मिशनऱ्यांचीही नाही. 1882 मध्ये शिक्षण आयोगाच्या हंटरसाहेबांनी शाळा बघितली आणि जाहीर कौतुक केलं. 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 ला फर्ग्युसन, हे सगळं या एका शाळेच्या पोटातून निघालंय.

हे मला तोंडपाठ आहे कारण दादा रमणबागेत होता आणि मी हुजूरपागेत, म्हणजे पुण्यातल्या मुलींच्या शाळेत. आमच्या वेळी रमणबाग फक्त मुलांची. दादाला वक्तृत्व स्पर्धेत शाळेच्या इतिहासावर बोलायचं होतं आणि त्याला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून बाबांनी भाषण माझ्यावर ढकललं. मी नगर वाचन मंदिरात बसून टिपणं काढली, संध्याकाळी घरी येऊन फेअर केली, आणि त्यात एक परिच्छेद असा लिहिला की शाळा काढणाऱ्यांचं आपसात पटलं नाही. पगार आणि बाहेरची कामं यावरून वाद झाले, 1890 च्या अखेरीला टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. त्याआधी 1887 मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचं सुधारक हे पत्र काढलं. आणि मुलींच्या शिक्षणावरून तर उभा दावा, म्हणजे 1884 ला रानडे वगैरे मंडळींनी हुजूरपागा सुरू केली तर टिळक तिथल्या अभ्यासक्रमावर टीका करत होते, मुलींना असलं इंग्रजी शिक्षण कशाला म्हणून, आणि आगरकर मुलींना मुलांसारखंच शिकवा म्हणत होते.

बाबांनी तो परिच्छेद लाल पेनने खोडला. म्हणाले, "शाळेचं कौतुक करायला उभं राहायचं आणि भांडणं काय सांगायची?" दादा उरलेलं बोलला, बक्षीस घेऊन आला, घरात पेढे. लिहिलं कोणी ते कोणी विचारलं नाही. आजही गणपतीत सगळे जमले की दादा त्या भाषणाचा विषय काढतो आणि म्हणतो की शाळेच्या इतिहासात मुलींचा विषय आणणं म्हणजे ओढूनताणून. मला हे मुळीच पटत नाही. एकाच शाळेत शिकवणारी, एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसं, कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध छापल्याबद्दल झालेल्या खटल्यात मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढलेली, आणि घरातल्या मुलीने काय शिकायचं यावर त्यांचं जमत नाही. हा त्या शाळेचाच इतिहास आहे, दुसऱ्या कोणाचा? गोपाळ कृष्ण गोखले तिथे शिकवायला लागले तेव्हा, म्हणजे 1885 च्या सुमाराला, हेच वाद चालू होते. चिपळूणकर तर 1882 लाच गेले, बत्तिशीही न गाठता, त्यांना यातलं काही बघावं लागलं नाही.

टिळकांना कमी लेखायचं नाहीये. त्यांनी नोकरीचा विचार सोडून उभी केलेली शाळा आहे आणि त्यांच्याशिवाय ती टिकली नसती असं माझं मत आहे. पण मुलींच्या बाबतीत आगरकर बरोबर होते, बास.

मुलाला घालायचं तर घाला, मात्र 1880 कडे बघून नाही. वर्गात किती मुलं, शिक्षक कायम आहेत का, शिकवणी न लावता मुलांचं निभतं का, हे आत्ता तिथे मूल असलेल्या पालकांना विचारा, मी सांगतेय ते जुनं आहे. आणि घरात मुलगी असेल तर तिच्या शाळेची चौकशी याच उत्साहाने करा. आमच्या घरी दादाच्या ॲडमिशनसाठी बाबांनी चार ठिकाणी खेटे घातले होते, माझी शाळा जवळ होती म्हणून ठरली.